ती दिवसा येते

बोरगाव,
३ मार्च १९३३

प्रिय श्रीपाद,

परवा दुपारी तारामती वखारीचं दार ढकलून आत आली, त्या घडीला माझं सगळं बदललं. आता तू खुशाल हस.

कॉलेज सोडलं तेव्हा काही बदललं नव्हतं. त्या इनामदारानं भर वर्गात तारामतीचं नाव घेऊन खाकरून दाखवलं, मी त्याच्या डोक्यात दौत घातली, प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी माग, मी म्हणालो, कॉलेज सोडतो. हे तू डोळ्यांनी पाहिलंस. तिचे बाबा, चौगुले वकील, मला म्हणाले, "माझ्या पायरीवर पुन्हा दिसलास तर पोलिसात देईन." हेही तू ऐकलंस. घरी तोंड दाखवायची सोय उरली नाही, म्हणून इथं बाबगोंडामामांकडं आलो आणि त्यांच्या तंबाखूचा राखणदार झालो. हे सगळं नुसतं घडलं. बदललं ते परवा.

वखार शेताच्या कडेला आहे. बायका वाळलेली पानं काठ्यांनी बडवून जर्दा करतात. त्याचा खकाणा असा उडतो की समोरचं माणूस दिसू नये. इथं पाऊल टाकणारा पहिल्यांदा शिंकतो, मग बोलतो. माझी छाती तर भात्यासारखी वाजायला लागली. रात्र रात्र बसून काढली. मामांनाही जुना दमा. ते म्हणाले, "मी पितो ते पान तू बी पी, दम बसंल." ओढ्याकाठचं धोतऱ्याचं पान. मी ते उकळून, गाळून, दुपारी जेवणानंतर पितो. सूर्य बुडाल्यावर आपण जैन काही तोंडात घेत नाही, तुला ठाऊकच आहे. चव जहर, पण छाती खरंच मोकळी झाली.

तर परवा दुपारी बायका जेवायला गेल्या होत्या. तारामती आली. हिरव्या इरकली लुगड्यात. गोणपाटात दाबून बांधलेले तंबाखूचे बोद ठेवलेत, त्यातल्या एकावर बसली आणि म्हणाली, "कुंथू, किती वाळलास रे!" श्रीपाद, ती शिंकली नाही. एकदाही नाही. राजकन्या जणू.

मी विचारलं, "बाबांना सांगून आलीस?"

ती नुसती हसली. तेव्हापासून रोज येते. दुपार कलली की येते, दिवे लागले तरी बसून असते. तू म्हणशील, भूत आहे. अरे, भूत भर उन्हात येतं का? भूत असतं तर रात्री आलं असतं. ती दिवसा येते.

वकिलांकडं काय चाललंय ते कळव. तिला शोधत असतील. मी इथं आहे हे सांगशील तर तुझं माझं तुटलं.

तुझा
कुंथुनाथ

*

बेळगाव,
७ मार्च १९३३

कुंथ्या, गाढवा,

तुझं पत्र वाचून आधी हसलो. शेवटाला आलो तोवर हसू गेलं होतं.

तू म्हणतोस त्या दुपारी तारामती आमच्या परसात होती. आमच्या विद्युल्लतेबरोबर शेवया करत होती. मी एक ओली शेवई तोंडात टाकली म्हणून माझ्या या बहिणीनं मला उलथन्यानं हाणलं, तेव्हा तुझी राजकन्या खो खो हसत होती. दुसऱ्या दिवशीही आली होती, परवा रविवारीही. तेव्हा वखारीत कोण येतं ते तू बघ. कामावरची एखादी पोर असेल आणि तुझ्या डोळ्यांत तारामती भरून राहिली असेल. तिचा बाप कोयता घेऊन येईल, जपून. आणि तंबाखूच्या वखारीत बसून जी शिंकत नाही तिला नाक आहे का, एवढं एकदा तपासून घे.

आता चेष्टा पुरे. नीट वाच. वकिलांनी तिच्यासाठी हुबळीचं स्थळ पाहिलंय. सरकीचे व्यापारी आहेत. पाडव्याला दुपारी ते बोलणी पक्की करायला येणार. तारामतीनं विद्युल्लतेजवळ निरोप दिलाय, तो जसाच्या तसा लिहितो:

"त्यांना सांगा, एकदा येऊन प्रिन्सिपॉलसाहेबांची माफी मागा, आणि बाबांच्या समोर उभे राहा. पुढचं मी बघेन. मी हुबळीला नाही म्हणेन. पण ते आलेच नाहीत, तर मी कोणाच्या जिवावर नाही म्हणू?"

कुंथ्या, ती मुलगी तुझ्यासाठी बापासमोर उभी राहायला तयार आहे. तुला फक्त एक शब्द गिळायचाय आणि एक मोटार पकडायचीय. प्रिन्सिपॉल वाईट माणूस नाही. परवा मला विचारत होते, "तो दौतवाला कुठं आहे?"

पाडव्याच्या आत ये.

तुझा
श्रीपाद

*

बोरगाव,
१० मार्च १९३३

प्रिय श्रीपाद,

तुझं पत्र आलं आणि डोक्यावरचा डोंगर उतरला! वकील गावभर तिला शोधतायत, विहिरीत गळ टाकून पाहिले, देवळासमोर बसून रडले आणि चारचौघांत म्हणाले, "पोर परत येऊ दे, कुंथुनाथालाच देतो." हे तू लिहिलंस म्हणून विश्वास ठेवतो. दुसरं कोणी सांगितलं असतं तर खोटं म्हटलं असतं. माफी मागायचं तू काही लिहिलं नाहीस हे बरं केलंस. मी मागणार नव्हतोच. आपण घाई करायची नाही. रडू दे त्यांना आणखी चार दिवस.

माझं अक्षर वेडंवाकडं येतंय त्याबद्दल राग मानू नको. डोळ्यांचं काहीतरी झालंय. लांबचा ओढा दिसतो, ओढ्यापलीकडची म्हैस दिसते, पण हातातला कागद दिसत नाही. दुधात शाई पडावी तशी अक्षरं पसरतात. तुझं पत्र तारामतीनंच वाचून दाखवलं. किती गोड वाचते! मधे मधे थांबून माझ्याकडं बघते आणि मग पुढचं वाचते.

उजेड डोळ्यांत सुयांसारखा टोचतो, म्हणून दार लावूनच बसतो. जीभ टाळूला चिकटते. कितीही पाणी प्या, घसा कोरडाच. बायका आत यायला कुरकुरतात. एक म्हणाली, "धाकलं मालक कुणासंगं बोलत्यात?" मी ओरडलो तिच्यावर.

एक सांगू का, हे फक्त तुला. काल ती दोन ठिकाणी बसली होती. एक नेहमीच्या बोदावर आणि एक कोपऱ्यात, काठ्यांच्या ढिगाजवळ. दोघींनी एकदम माझ्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यातली उठली आणि भिंतीत गेली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. घरातली बाई सोप्यातून स्वयंपाकघरात जावी तसं वाटलं. आज सकाळी आठवलं तेव्हा मात्र अंगावर काटा आला. भिंतीला हात लावून पाहिला. भिंत होती.

तिला विचारलं, "ती दुसरी कोण?"

म्हणाली, "कुठली दुसरी?"

तुझा
कुंथुनाथ

*

बेळगाव,
१३ मार्च १९३३

कुंथू,

मुद्दाम बोटाएवढ्या अक्षरांत लिहितोय. हे पत्र तिच्या हातात देऊ नको. दाराबाहेर जा, हात लांब कर आणि स्वतः वाच.

वकील रडले नाहीत. विहिरी कोणी पाहिल्या नाहीत. मी तसं एक अक्षर लिहिलेलं नाही. तारामती बेळगावात, बापाच्या घरात आहे. तुझी वाट बघते आहे. पाडव्यापर्यंतच.

ती दुपारीच का येते? दुपारी तू काय पितोस? ते पिऊ नको.

श्रीपाद

*

बोरगाव,
१९ मार्च १९३३

रा. रा. श्रीपादराव यांना बाबगोंडाचा जयजिनेंद्र.

तुम्ही कुंथूला पत्र घातलं, तवाच मला निराळं घातलं, ते लई चांगलं केलं. त्याचं पत्र त्याच्या उशाला तसंच पडलं हुतं, फोडलं बी नव्हतं. माझं शिक्षण कानडी शाळंत झालं. मराठी लिवताना चुकलं तर पोटात घाला.

पत्र वाचलं आणि तसाच वखारीकडं गेलो. आतनं कडी. आत बोलणं चाललेलं. कुंथू बोलायचा, थांबायचा, हसायचा, परत बोलायचा. दुसरा आवाज न्हाई. म्या खांद्यानं दार हाणलं. बघतो तर हा पठ्ठ्या पाण्याचा तांब्या बोदाच्या तोंडाशी धरून बसलेला. "घे की गं, एक घोट घे की!" पाणी सगळं गोणपाटावर. डोळ्यांत नुसती काळी बुबुळं, पांढरं नावाला न्हाई. तोंड जास्वंदीगत लाल. मला खकाण्यानं शिंक आली, तर तोंडावर बोट ठेवून मला म्हणतो, "हळू मामा, आत्ताच डोळा लागलाय तिचा."

म्हणलं, "काय प्यालास?"

म्हणतो, "तुम्हीच सांगितलं की. धोतऱ्याचं पान पी म्हणून."

श्रीपादराव, तवा सगळं उलगडलं. अवो, आमच्यात बिडी पितात, चिलीम पितात, तंबाखू पितात. पी म्हणलं की वढायचं, हे शेंबडं पोरगं बी जाणतं. म्या सांगितलं ते वाळलं पान चिलमीत घालून दोन झुरकं घ्यायचं. दम लागला की मी तेवढंच घेतो. आणि हा बेळगावात वाढलेला, चहा पिणारा! ह्यानं काढा करून रोज प्याला. वर मलाच सांगतो, "नीट गाळून घेतलं मामा, आपल्यात काय बी गाळूनच पितात." गाळून जीव जंतू ऱ्हातो वर. इख कसं ऱ्हाईल?

बैलगाडीत घालून घरी आणला. निपाणीचा डाक्टर आला. म्हणाला, "अजून चार दिवस गेले असते तर तुम्ही मला नाही, खांदेकऱ्यांना बोलावलं असतं." माझी मंडळी धोंडूबाई त्याच्यापाशी बसून ऱ्हायली. तिच्या पदरातनं हा नसलेली सुतं वढायचा आणि बोटाला गुंडाळायचा. ती म्हणायची, "वढ बाबा, वढ. लुगडं सरंल, तुझं सूत न्हाई सरायचं."

आता उतरलंय. जेवतो. कागद बी दिसाय लागलाय म्हणतो. तुमचं मोठ्या अक्षराचं पत्र दिलंय. पर मला एक भ्या वाटतं. धोतरा काय, उकिरड्या उकिरड्याला हाय. म्या किती उपटू? काल सांजच्याला माझ्याजवळ बसला हुता. मधीच इचारतो, "मामा, ती आता कुठं असंल?"

म्हणलं, "बेळगावात, आपल्या बाच्या घरात."

तर म्हणतो, "ती न्हवं."

तुम्ही मित्र हाय. काय तरी लिवा.

बाबगोंडा

*

बेळगाव,
२२ मार्च १९३३

प्रिय कुंथू,

मामांचं पत्र पोचलं. जिवंत आहेस, बाकी शिव्या भेटीत.

तारामतीला आम्ही फक्त दमा वाढलाय एवढंच सांगितलंय. काल ती आमच्याकडं आली होती. विद्युल्लतेला म्हणाली, "त्यांनी एक ओळ लिहिली असती तरी चाललं असतं." मग घरी गेली. तिच्या घरी बैठकीला चुना दिलाय, नवी जाजमं आलीयत. हुबळीचे लोक पाडव्याला दुपारी चारच्या सुमारास येतील.

मी तुला आता ये म्हणणार नाही. दोनदा म्हणून झालं. तू कुणाचं ऐकतोयस तेच मला कळत नाही.

श्रीपाद

*

निपाणी, मोटारीची वाट बघताना
पाडवा, २७ मार्च १९३३

प्रिय श्रीपाद,

हे पत्र मी तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत बाहेर जाऊन उभा राहीन. तोंडानं सांगायला जमणार नाही.

नीट दिसायला लागल्यावर तुझी सगळी पत्रं वाचली. ७ तारखेचं तर इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. तिचा निरोप होता, पाडवा होता, शेवया होत्या. मला ऐकवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. मला वाटलं होतं, हायसं वाटेल. काय वाटलं सांगू? तिनं माझ्याशी खोटं बोलावं याचा राग आला. जी नाहीच तिचा राग! दोन दिवस त्या रागात जळलो. मामा म्हणायचे, "धोतरा अंगातनं गेला, डोक्यातनं जाईल हळूहळू." मी मान हलवायचो.

काल मामा-मामी पाडव्याच्या बाजाराला गेले. मी ओढ्यावरून पान आणून वखारीत गेलो. हो, ठाऊक असून प्यालो. तू थुंकशील माझ्यावर, थुंक. मला तिला एकदा विचारायचं होतं आणि तिच्याकडं जायची दुसरी वाट मला माहीत नाही.

ती आली. तेच लुगडं, तोच बोद. मी पत्र पुढं धरलं.

"यात हे नव्हतं."

"नव्हतं," ती म्हणाली.

"मग वाचलंस कुठून?"

"तुझ्या तोंडाकडं बघून."

"हुबळीचं का लपवलंस?"

"तुला ऐकायचं होतं?"

"आणि माफीचं?"

त्यावर ती हसली. श्रीपाद, तिचं ते हसणं माझंच होतं. इनामदाराला मारल्यावर प्रिन्सिपॉलांच्या खोलीत मी हसलो होतो ना, तसं. तेव्हा मी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. कधी नव्हे ते पाहिलं. डोळे तारामतीचे, पण हनुवटी माझ्या आईची. कान कुणाचे होते कोण जाणे. मला तारामतीचे कान ठाऊकच नाहीत. मी कधी तिच्या इतक्या जवळ गेलो होतो? जन्मात ती माझ्याशी पाचसहा वाक्यं बोलली असेल, तीही विद्युल्लतेच्या आडून, आणि त्यात मला ती "तुम्ही" म्हणाली. ही पहिल्या दिवसापासून मला कुंथू म्हणते, अरेतुरे करते. कुंथू मला फक्त घरचे म्हणतात, नाहीतर तू. हे मला महिनाभर खटकलं नाही.

मी म्हणालो, "तू कोण आहेस?"

ती म्हणाली, "तू सांगशील ती."

मग मी घाबरलो. त्या भिंतीत जाणारीला नाही घाबरलो, या उत्तराला घाबरलो. कारण ते गोड लागलं. तिच्यासमोर मला कुणाची माफी मागायची नाही, परीक्षा द्यायची नाही, कुणाच्या बापापुढं उभं राहायचं नाही. दुपारी एक पेला, की झालं. आयुष्यभर पुरेल इतका धोतरा या गावात आहे.

आणि तिकडं एक मुलगी आहे. तिला मी ओळखत नाही. ती नव्या जाजमावर खाली मान घालून बसणार आहे आणि दाराकडं एकदा तरी बघणार आहे. ती मला नाही म्हणेल. कदाचित आधीच मनात म्हणून झाली असेल. एक ओळ लिहिली असती तरी, म्हणाली ना? ती ओळ मी हिच्या नादात लिहिली नाही. आज तिला पाहिल्यावर ती मला परकी वाटली तर काय करायचं, याची भीती मला हुबळीवाल्यांपेक्षा जास्त आहे. तरी येतो. आधी प्रिन्सिपॉलांच्या बंगल्यावर जाईन. सणाच्या दिवशी दारात उभं राहून माफी कशी मागतात ते मोटारीत ठरवेन. मग वकिलांची पायरी. पोलिसात दिलं तर तू सोडवायला ये.

आज सकाळी निघताना कोट वखारीत राहिला होता, तो आणायला गेलो. डोळ्यांपुढं अजून धुकं होतं, घसा कोरडा होता. मामींनी दारी गुढी उभारली होती. गुढीची साडी मला दुहेरी दिसत होती. वाटलं, आता काही नसेल आत.

ती होती. फिकट झाली होती, तिच्यातून मागचा बोद दिसत होता, पण होती. मी तिच्याकडं न बघता खुंटीवरचा कोट काढला. बाह्या घातल्या. एक बाही सापडेना, उलटी झाली होती. मला वाटत होतं ती रडेल, अडवेल, हुबळीच्या लोकांवरून टोमणा मारेल. काही नाही. बोदावर हात टेकून, रोज बघायची तशी, माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी उंबऱ्याशी पोचलो तेव्हा मागून म्हणाली, "दुपारी येशील ना?"

होय म्हणायला तोंड उघडलंच होतं. तसंच मिटलं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.